निम्म्याहून जास्त उष्णता जाते कुठं? बॉयलरवरचे तुमचे प्रश्न

मागच्या अंकात वीजबिलाच्या एका प्रश्नाला उत्तर देताना मी लिहून गेलो होतो की कोळशातली निम्म्याहून जास्त उष्णता वीज व्हायच्या आधीच हातची जाते. त्या एका वाक्यावर या महिन्यात पत्रांचा ढीग आलाय. यायलाच पाहिजे म्हणा, कारण आपल्याकडं सोलापुरात बॉयलर काय लांबची गोष्ट नाही, फताटेवाडी-आहेरवाडीला एनटीपीसीच्या वीज प्रकल्पाचे ६६० मेगावॅटचे दोन युनिट, एमआयडीसीत टॉवेल-चादरीची प्रोसेस हाऊसं आणि सायझिंगवाले, आणि जिल्हाभर साखर कारखाने, प्रत्येकाच्या पोटात बॉयलर आहेच. माझी स्वतःची तीस-एक वर्षं बॉयलरसमोर गेली त्यामुळं हा अंक सगळा यालाच देतोय.

प्रश्न : सर, मी डिप्लोमा मेकॅनिकलच्या तिसऱ्या वर्षाला आहे. पुस्तकात बॉयलरची एफिशियन्सी ८६ टक्के दिलीय आणि अख्ख्या प्लॅन्टची ३८. मधलं सगळं कंडेन्सरमध्ये, म्हणजे वीज काढून झालेल्या वाफेचं परत पाणी करतात तिथं, जातं असं वर्गात सांगितलं. मग सुधारायचा तर कंडेन्सर सुधारावा ना, बॉयलरच्या मागं का लागायचं? — एक विद्यार्थी, जुळे सोलापूर

उत्तर : प्रश्न एकदम बरोबर जागी लागलाय बाळा, पण उत्तर तुला वाटतंय त्याच्या उलट्या बाजूला आहे.

आधी हिशेब मांडू. कोळशातून १०० भाग उष्णता आली असं धर. बॉयलरमध्ये त्यातले साधारण १४ जातात, म्हणजे चिमणीतून कोरड्या गरम धुराबरोबर ५, कोळशातलं पाणी आणि हायड्रोजन जळून झालेलं पाणी याची वाफ करण्यात साडेसहाच्या आसपास, न जळता राखेत राहिलेला कार्बन एक-दीड, उरलेलं भिंतीतून बाहेर झिरपतं आणि गरम राखेबरोबर जातं. राहिले ८६, ते वाफेत आले. टर्बाइनमधून जाऊन त्यातल्या साधारण ४० ची वीज झाली आणि ४६ कंडेन्सरमधून थंड पाण्यात गेले. त्या ४० मधले अडीच-एक परत प्लॅन्टलाच लागतात, धूर ओढणारा आयडी फॅन, हवा ढकलणारा एफडी फॅन, पाणी आत ढकलणारा बॉयलर फीड पंप, कोळसा दळायच्या मिल हे सगळं विजेवरच चालतं. तारेवर आले ३७-३८. तुझ्या पुस्तकातला आकडा हाच.

आता हे ४६ बघून कुणालाही वाटणार की चोर सापडला. पण कंडेन्सरमधली ती उष्णता असते ४५ अंशांची. बाहेर हवा ३२ अंश धरली तर एवढ्या फरकावर जगातलं सगळ्यात भारी इंजिन जरी चालवलं तरी ४६ मधून दोनसुद्धा भागांचं काम निघत नाही. १८२४ मध्ये सादी कार्नो या फ्रेंच इंजिनिअरनं ही मर्यादा दाखवून दिली, वरचं आणि खालचं तापमान काय यावर किती काम निघेल ते ठरतं, यंत्र कुणी बनवलं याचा काही संबंध नाही.

आपल्या उजनीचं उदाहरण घे, सोलापूरच्या माणसाला हे लगेच कळतं. उजनीत एकूण साठा ११७ टीएमसी, त्यातला ६३ टीएमसी डेड स्टॉक. पाणी आहे, भरपूर आहे, डोळ्यांना दिसतंय, पण पातळी दरवाज्याच्या खाली गेलीय म्हणून कालव्याला आपोआप येत नाही. उजनी मायनसमध्ये गेली की दुबार पंपिंग करून पाणी उचलावं लागतं हे आपण दर दोन-चार वर्षांनी पेपरात वाचतोच, म्हणजे वरून वीज घालावी लागते. कंडेन्सरमधली उष्णता हा असा डेड स्टॉक आहे, खूप आहे पण पातळी खालची. ती वर उचलायची तर तिच्यातून मिळेल त्यापेक्षा जास्त वीज घालवावी लागेल.

मग खरं नुकसान कुठं होतं? बॉयलरमध्येच, आणि ते सुद्धा त्या १४ मध्ये नाही! भट्टीत ज्वाळा असते १३००-१४०० अंशांची आणि ती उष्णता आपण देतो कशाला, तर जेमतेम ३०० अंशाला आत येऊन ५५०-६०० अंशाला बाहेर पडणाऱ्या पाण्या-वाफेला. उष्णता मोजून बघितली तर जवळजवळ सगळी पोचली, म्हणून ८६ टक्के. पण १४०० च्या पातळीवरची उष्णता एकदम ४०० च्या पातळीला खाली उतरली, मधल्या उताराला कुठलंच चाक लावलं नव्हतं. कोळशाची जी काम करायची ताकद होती त्यातली जवळपास निम्मी या जळण्यात आणि या उतारातच संपते. मीटरवर ही दिसत नाही, चिमणीत दिसत नाही, म्हणून हिच्याबद्दल कुणी बोलत नाही. पुढं तू डिग्रीला गेलास की एक्सर्जी नावाचं, म्हणजे हीच काम करायची ताकद मोजायचं, प्रकरण येईल, पोरं ते परीक्षेपुरतं पाठ करून सोडून देतात, तू मात्र नीट वाच, मला विचारशील तर थर्मोमध्ये यापेक्षा महत्त्वाचं प्रकरण नाही.

वाफेचं तापमान आणि प्रेशर वाढवत न्यायची धडपड चाललीय ती यासाठीच. ६६० मेगावॅटचे युनिट सुपरक्रिटिकल असतात, म्हणजे पाण्याचा जो क्रिटिकल पॉइंट आहे, २२१ बार आणि ३७४ अंश, त्याच्या वरच्या प्रेशरला चालतात. तिथं पाणी उकळतच नाही, बुडबुडे नाहीत, पाणी वेगळं वाफ वेगळी असं काही राहत नाही, म्हणून पाणी-वाफ वेगळं करायचा ड्रमपण लागत नाही. उकळण्याचा जो सपाट टप्पा असतो, जिथं उष्णता घालत राहिलं तरी तापमान वाढत नाही, तो टप्पाच गायब होतो आणि उष्णता सरासरी जास्त तापमानाला आत जाते. उतार कमी झाला. कार्नोच्या हिशेबानं ५९३ अंश आणि ४५ अंश यात ६३ टक्के निघायला पाहिजेत, पण उष्णता काय सगळी ५९३ ला आत जात नाही, सरासरी ४०० च्या आसपास धरली तर मर्यादा पन्नासच्या जरा वर येते. त्यातून टर्बाइनमधलं घर्षण, पाइपातली गळती वगैरे वजा केलं की वर काढलेला, ८६ मधून ४० चा, आकडा आला.

आणि बॉयलरमधल्या त्या १४ चं महत्त्व पण कमी समजू नकोस. आपल्या देशी कोळशावर एका युनिट विजेला ६०० ते ६५० ग्रॅम कोळसा लागतो, म्हणजे ६६० मेगावॅटचा एक युनिट फुल लोडवर तासाला चारशे टनाच्या वर खातो. रेल्वेची एक अख्खी रेक, ५८ वाघिणी, दहा तास पुरत नाही. बॉयलर ८६ चा ८७ झाला तर एका दिवसाला शंभर टनाच्या वर कोळसा वाचतो. आणि त्यातली पस्तीस-चाळीस टन राख सुद्धा वाचते, ती कुठं टाकायची हा प्रश्न वाचतो.

प्रश्न : जाता-येता मोठ्या वीज प्रकल्पाच्या बुटक्या टॉवरवरून पांढरे ढग निघताना दिसतात. हा धूर आहे का? आणि वाफ असेल तर एवढी वाफ वाया का घालवतात? — एक गृहिणी, होटगी रोड

उत्तर : ताई, तो धूर नाही. धूर उंच चिमणीतून जातो. हे कूलिंग टॉवर, आणि तिथनं निघते ती टर्बाइनची वाफ नसते, कंडेन्सर थंड करून तापलेलं पाणी टॉवरमध्ये वरून पाडतात, त्यातलं थोडं उडून जातं आणि बाकीचं थंड होतं. तुमच्या घरातल्या माठाचंच काम. मे महिन्यात आपल्याकडं ४३-४४ अंश असलं तरी माठातलं पाणी गारेगार लागतं आणि पावसाळ्यात हवा दमट झाली की तोच माठ निवत नाही, तसंच टॉवरचं पण आहे, त्याला नुसती हवा किती गरम यापेक्षा हवा किती कोरडी हे जास्त कळतं. थंडीत पहाटे ढग मोठा दिसतो म्हणून त्या दिवशी जास्त वाया जातंय असं समजू नका, तेव्हा वाफेचे लगेच थेंब होऊन ती दिसते एवढंच, उन्हाळ्यात ती दिसत नाही पण पाणी तेव्हाच जास्त उडतं.

वाया जातं ते हे पाणी, आणि यावर मात्र तुम्ही विचारलंत ते फार बरं केलं. एका युनिट विजेमागं साधारण अडीच-तीन लिटर. आपल्या प्रकल्पाला पाणी उजनीचं आणि आपल्या नळाला पण उजनीचं, नळ रोज येत नाही त्या गावात हा आकडा प्रत्येकाला माहीत पाहिजे असं माझं मत आहे. एफिशियन्सी वाढली की कंडेन्सरमध्ये जाणारी उष्णता कमी होते आणि तेवढं पाणी कमी उडतं. सगळे कोळशाचंच बोलतात, आपल्या भागात खरं तर आधी पाण्याचं बोलायला पाहिजे.

प्रश्न : साहेब मी एमआयडीसीत प्रोसेस हाऊसमध्ये बॉयलर अटेंडंट आहे, तासाला तीन टन वाफेचा बॉयलर, कोळशावर. वर्षापूर्वी चिमणीचं टेंपरेचर १८० असायचं आता २४० दाखवतंय, कोळसा पण जास्त लागतोय, मालक म्हणतो तू नीट फायरिंग करत नाहीस. काय बघू? — एक वाचक, अक्कलकोट रोड

उत्तर : भाऊ, तुमचं पत्र दोनदा वाचलं. मालकाचं बोलणं मनाला लावून घेऊ नका, पण तुमच्याकडं जे लॉगबुक आहे ना ते जपून ठेवा, १८० चं २४० कधी कधी झालं ते त्यात आहे आणि तेच तुमच्या बाजूनं बोलणार आहे.

चिमणीचं तापमान दर २२ अंश वाढलं की साधारण एक टक्का जळण जास्त जातं, हा आपल्या धंद्यातला जुना ठोकताळा. तुमचे ६० वाढलेत, म्हणजे अडीच-तीन टक्के यातच गेले. तापमान वाढलं म्हणजे धुरातली उष्णता पाण्याला पोचत नाहीये, मधे काहीतरी आडवं आलंय. दोनच गोष्टी येऊ शकतात. धुराच्या बाजूला काजळी, नाहीतर पाण्याच्या बाजूला क्षार. काजळी तीन मिलिमीटर बसली तर जळण अडीच टक्के वाढतं, ती ट्यूब ब्रशनं निघते, आठवड्याच्या सुट्टीला काढत असाल तर तिचा प्रश्न नाही. क्षार मात्र वाईट. पाण्याच्या बाजूला एक मिलिमीटर क्षार म्हणजे पाच ते आठ टक्के जळण, आणि वरून ट्यूब आतून गरम होऊन फुगते ते वेगळंच. आपल्याकडं बोअरचं पाणी किती जड आहे हे काही सांगायला नको, बादलीच्या काठावर पांढरं बसतं तेच आत बसतं. त्यामुळं पहिल्यांदा पाण्यातले क्षार काढणारा सॉफ्टनर बघा. मीठ घालून रिजनरेशन वेळेवर होतं का, का मिठाची गोणी संपली म्हणून "उद्या बघू" चाललंय? हार्डनेसची टेस्ट किट असते, थोड्या थेंबांचं काम, रोज सकाळी बॉयलर चढवायच्या आधी करा आणि आकडा वहीत लिहा. ब्लोडाऊन, म्हणजे बॉयलरच्या तळाचं क्षाराचं पाणी बाहेर सोडणं, ठरल्यासारखा द्या, कमी दिला तर क्षार साचतात आणि भीतीनं जास्त दिला तर गरम पाणी गटारात.

आता तिसरी गोष्ट, जी कुणी बघत नाही, हवा. मी नवीन होतो तेव्हा एका कारखान्यात, नाव घेत नाही, असाच कोळसा वाढला होता. सगळं झालं, ट्यूब घासल्या, पाणी तपासलं, फरक पडेना. बाहेरून एक वयस्कर माणूस आला, त्यानं खिशातून उदबत्तीचा पुडा काढला, एक पेटवली आणि बॉयलर चालू असताना फायर डोअरच्या कडेनं, राखेच्या दाराच्या कडेनं, मागच्या स्मोक बॉक्सच्या सगळ्या जोडांवरून हळूहळू फिरवत गेला. बऱ्याच ठिकाणी धूर सरळ वर जात होता. मागच्या दाराच्या खालच्या कोपऱ्यात मात्र तो एकदम वाकला आणि सुर्रकन आत ओढला गेला, जणू कुणी तोंडानं ओढतंय. ॲस्बेस्टॉसची दोरी तिथं जळून गेली होती, बोटभर फट होती. आयडी फॅन बिचारा त्या फटीतून बाहेरची थंड हवा आत ओढून तापवून चिमणीला सोडत होता, दिवस-रात्र, फुकट. त्यानं मीटर लावला तर धुरात ऑक्सिजन १२ टक्के.

१२ टक्के ऑक्सिजन म्हणजे काय ते सांगतो, २१ मधून १२ गेले ९ राहिले, १२ ला ९ नं भागा, १३३ टक्के हवा जास्तीची. म्हणजे लागणाऱ्या हवेच्या दुप्पटीहून जास्त हवा आत. चिमणी २४० ला असताना एवढ्या हवेनं एकट्या कोरड्या धुरातून १६-१७ टक्के उष्णता जाते. तोच ऑक्सिजन ८ वर आणला तर ११-१२ टक्के. पाच टक्के जळण एका दोरीत अडकलं होतं. दोरी बदलली, दुपारपर्यंत काम झालं. त्या दिवसापासून माझ्या टिफिनच्या पिशवीत उदबत्तीचा पुडा कायम असतो.

म्हणून तुम्ही पण हेच करा, दारं सांभाळून, हातमोजे घालून. आणि राख थंड झाल्यावर मूठभर हातात घेऊन उजेडात बघा. करडी, पिठासारखी असेल तर ठीक, त्यात काळे चकाकणारे खडे दिसले तर कोळसा न जळता चाललाय. तेव्हा मात्र हवा कमी करायच्या नादात डॅम्पर, म्हणजे हवेची झडप, आवळू नका, न जळलेला कोळसा आणि काळा धूर हे जास्तीच्या हवेपेक्षा वाईट. पाटीवर पाटी एकदम टाकण्यापेक्षा थोडा थोडा आणि पसरून टाका, दार उघडं ठेवून गप्पा नकोत, दार उघडं म्हणजे थंड हवा आत.

मालकाला एकच कागद दाखवा, त्यावर मागच्या वर्षभराचं चिमणीचं तापमान आणि शेजारी दर महिन्याचा कोळसा. बाकी काही बोलायची गरज पडत नाही असा माझा अनुभव आहे.

प्रश्न : चिमणीतून १३०-१४० अंशांचा धूर जातो तर तो अजून थंड करून, ६०-७० ला आणून सोडला तर उष्णता वाचेल की. का करत नाहीत? — तोच वरचा विद्यार्थी, दुसरं पत्र

उत्तर : वाचेल, पण कोळशात गंधक असतं. ते जळून धुरात जातं, त्यातल्या थोड्या भागाचं पुढं पाण्याच्या वाफेबरोबर गंधकाम्ल होतं आणि धूर एका ठरावीक तापमानाच्या खाली गेला की हे आम्ल थंड पत्र्यावर दव पडावं तसं बसतं. पाण्याचं दव ४०-५० अंशाला पडेल पण आम्लाचं शंभरच्या वरच पडायला लागतं. आपल्या देशी कोळशात गंधक कमी असतं म्हणून आपल्याला १२५-१३० पर्यंत उतरता येतं, जास्त गंधकाच्या कोळशाला तेवढं पण जमत नाही. शटडाऊनला एकदा एअर प्रीहीटर, म्हणजे जाणाऱ्या धुरावर हवा तापवणारा भाग, उघडला होता, थंड बाजूचे पत्रे हाताला लागले तर कडक भाकरी मोडावी तसे मोडून पडले, काठाला पिवळट-तपकिरी पूड, बोटाला झोंबणारी. कुणीतरी दोन हिवाळे कमी लोडवर चालवताना धूर जास्त थंड होऊ दिला होता.

कमी लोडचं हे आता वाढतच चाललंय ते पण लक्षात ठेव. दुपारी सोलर भरपूर येतं म्हणून कोळशाच्या युनिटना ५५ टक्क्यांपर्यंत खाली उतरावं लागतं, आणि युनिट अर्ध्यावर चालला की एफिशियन्सी पडते, हवा प्रमाणापेक्षा जास्त ठेवावी लागते, प्रत्येक युनिट विजेला कोळसा जास्त. सोलर आल्यामुळं एकूण कोळसा वाचतो हे खरंच आहे, पण बॉयलरवाल्याचं काम आधीपेक्षा अवघड झालंय.

प्रश्न : आमच्या साखर कारखान्यात बगॅसच्या, म्हणजे उसाच्या चोथ्याच्या, बॉयलरची एफिशियन्सी ७० टक्केच आहे असं सभेत कळलं. कोळशाची ८६ असते म्हणतात. मग बगॅस जाळण्यात आपण तोट्यात आहोत का? — एक ऊस उत्पादक, माळशिरस तालुका

उत्तर : अजिबात नाही, आणि हे सभेत कुणीतरी उठून सांगायला पाहिजे होतं. मिलमधून निघालेल्या बगॅसमध्ये निम्मं पाणी असतं. एक किलो बगॅसची उष्णता धरा २२५० किलोकॅलरी. त्यातल्या अर्ध्या किलो पाण्याची वाफ करून चिमणीतून घालवायला तीनशेच्या वर लागतात, आणि चोथ्यातला हायड्रोजन जळून जे पाणी होतं त्याच्या वाफेला आणखी पावणेदोनशे. म्हणजे पाचवा हिस्सा फक्त पाण्यावर गेला, भट्टीवाला कितीही हुशार असला तरी. बाकी धूर, न जळलेला भुसा वगैरे मिळून सत्तर उरतात. त्यातून कागदावरच्या आकड्याचं पण एक आहे, आपल्याकडं जळणाची उष्णता ग्रॉस धरतात, म्हणजे ही वाफेतली उष्णता पण हिशेबात घेऊन मग ती गेली म्हणून दाखवतात, युरोपात बऱ्याचदा ती आधीच सोडून देतात. त्यामुळं परदेशी कंपनीच्या कॅटलॉगमध्ये तोच बॉयलर भारी दिसतो. दोन आकड्यांची तुलना करताना ग्रॉस का नेट एवढं विचारायचंच.

पण तुमच्या कारखान्याची खरी कमाई वेगळीच आहे, आणि वर त्या विद्यार्थ्याला सांगितलेला डेड स्टॉक आठवा. वीज प्रकल्पात टर्बाइनमधून बाहेर पडलेल्या वाफेची उष्णता ४५ अंशाला पाण्यात सोडून द्यावी लागते. साखर कारखान्यात टर्बाइनमधून वाफ जरा आधीच, १२५ अंशाच्या आसपास असतानाच काढून घेतात आणि ती रस आटवायला इव्हॅपोरेटरला देतात. वीज थोडी कमी मिळते, पण ती सगळी उष्णता रसाला लागते, तिच्यातून साखर होते. एवढ्या खालच्या पातळीची उष्णता इतक्या चांगल्या कामाला लागलेली मी दुसरीकडं क्वचित बघितलीय. म्हणून सभेत बॉयलरचे ७० टक्के विचारत बसू नका, टनामागं वाफ किती लागते ते विचारा, म्हणजे एक टन ऊस गाळायला किती किलो वाफ गेली. आणि मिलच्या शेवटच्या रोलरनंतर बगॅसमध्ये पाणी किती राहतं ते. पन्नासचं अठ्ठेचाळीस झालं तरी भट्टीला लगेच कळतं, आणि त्याची नोंद केमिस्टच्या वहीत दर शिफ्टला असते, सभासद म्हणून तुम्हाला ती बघायला मागता येईल.